आपल्या चेहऱ्याला पुरेल एवढा उजेड

(पिंपरी येथे युवक कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चालू नाटकाचे फोटो कसे काढावेत यावर बोल, असं मला सांगितलंय. विषय ऐकल्यावर मागं दोघं-तिघं हसले. हसा. अत्याचार आहेत, कंत्राटी कामगाराचे हाल आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि हा बाबा लेन्स नि शटरवर बोलणार! ठीक आहे. पण आधी माझ्या एका सवालाचं उत्तर द्या. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात जलशाचा फोटो आहे?

बाबासाहेबांचा आहे. बुद्धाचा आहे. कोरेगावच्या स्तंभाचा आहे. आमचा आजा जलशात होता, मामा सोंगाड्या होता, चुलता ढोलकी वाजवायचा, हे पण तुम्ही छाती काढून सांगता. मग त्याचा फोटो कुठाय? एखादा असंल, स्टुडिओतला. उसना कोट, मागं रंगवलेला पडदा, हात गुडघ्यावर. पण चालू जलशातला, तोंड उघडलेलं, मानेची शीर फुगलेली, समोर अख्खी वस्ती मांडी घालून बसलेली, असा फोटो? हात वर करा. एक पण नाही.

का नाही त्याचं कारण साधं आहे. भीमराव कर्डकांचे आणि बाकीच्यांचे आंबेडकरी जलसे १९३० नंतर गावोगाव फिरत होते, ते रात्रीचे. दिवसा माणूस कामावर. उजेड गॅसबत्तीचा, नाहीतर पलित्याचा. त्या काळातल्या फिल्मला एवढ्या उजेडात माणूस हलता पकडणं जमायचं नाही. आणि कॅमेरा होता कुणाकडं? संस्थानिकाकडं, साहेबाकडं, पेठेतल्या स्टुडिओवाल्याकडं. ज्याच्याकडं कॅमेरा होता तो रात्रीचा महारवाड्यात येत नव्हता, आणि आला असता तरी त्याच्या फिल्मला गॅसबत्ती पुरली नसती. त्याच काळात बालगंधर्वांचे शालू नेसलेले, दागिने घातलेले फोटो निघत होते. ते आज शंभर वर्षांनी पण छापून येतात. मला त्यांच्या कलेबद्दल काही म्हणायचं नाही. कुणाचं राहिलं आणि कुणाचं गेलं, एवढंच दाखवतोय.

नामदेवराव व्हटकरांचं नाव किती जणांना माहीत आहे? लेखक, नाटकवाला, सिनेमावाला माणूस. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा या माणसानं पदरमोड करून ती फिल्मवर घेतली. आज आपण ती गर्दी हलताना बघतो ती व्हटकरांमुळं. कुठल्या सरकारी खात्याची वाट बघत ते बसले असते तर आपल्याकडं वर्णनं राहिली असती फक्त.

आता आपल्या पट्ट्याचं बघू. पिंपरीत १९५४ ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज, एमआयडीसी, आणि पुढं चाकण. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्यांची आपण पोरं-नातवंडं. येताना माणसं गायन पार्टी घेऊन आली, जलसा घेऊन आली. इथं आल्यावर कारखान्यातली नाटकं सुरू झाली, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आल्या. फर्स्ट शिफ्ट सुटली की तालीम, नाइट असली की तालमीला दांडी, असं करून लोकांनी नाटकं उभी केली. त्यातलं फोटोत काय राहिलं? मी जुनी पाकिटं उघडून बघितलीत. दीपप्रज्वलन. पाहुण्यांचा सत्कार. नारळ, शाल, पुष्पगुच्छ. शेवटी एक फोटो, सगळे नट रांगेत, फ्लॅश मारून, डोळे लाल. खाली लिहिलेलं असतं 'नाटकातील एक दृश्य'. कुठलं दृश्य? कोण माणसं? नाव एकाचं पण नाही. पाहुण्याचं मात्र हुद्द्यासकट.

म्हणून म्हणतो, हे काम आपलं आपण शिकलं पाहिजे. आता उजेडाची अडचण राहिली नाही. कॅमेरा लाखाचा पण आहे आणि तुमच्या खिशातला मोबाइल पण आहे. अडचण आता दुसरीच आहे, तिच्याकडं येतो. आधी थोडं तंत्र.

नाटक आपल्यासाठी थांबत नाही, हे पहिलं डोक्यात घ्या. लग्नात तुम्ही म्हणता, 'नवरदेव, इकडं बघा'. इथं तसं म्हणायला गेलात तर प्रेक्षक जोडा मारतील, आणि मारावाच. फ्लॅश बंद. मोबाइलच्या पडद्याचा उजेड एकदम खाली. आमच्या फिल्मच्या जमान्यात चारशे एएसएची फिल्म सोळाशेला ढकलायची, डार्करूममध्ये ज्यादा वेळ धुवायची, मग फोटोवर वाळूसारखे दाणे यायचे. उटीची इंदू फिल्म कित्येकांनी वापरली, ती कंपनी पण बंद पडली. आज कॅमेऱ्याला आयएसओ ३२०० म्हटलं तरी तो कुरकुरत नाही. लेन्स २.८ किंवा त्याहून उघडी असली तर उत्तम. नट बोलत असेल तर शटर १/१२५ पुरतं, ढोलकीवाल्याला, नाचणाऱ्याला १/२५० किंवा त्याच्या पुढं. उजेड फारच कमी असला तर १/६० ला पण फोटो निघतो, पण त्यासाठी नाटक पाठ पाहिजे. बोलणारा माणूस वाक्याच्या शेवटाला क्षणभर थांबतो. हात वर गेलेला असतो आणि खाली यायचा असतो, त्या मधल्या जागी शरीर ठरतं. तिथं बटण दाबायचं. वाक्य कुठं संपतं हे माहीत नसेल तर लाखाचा कॅमेरा पण आंधळा.

वस्तीत, चौकात प्रयोग असला की ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी फ्लड असतात. ते डोळ्याला स्थिर दिसतात, पण सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतात. कॅमेऱ्याचा आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

आता मुद्द्याचं. कॅमेऱ्यातलं मीटर फार बावळट असतं. त्याला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. मागं काळा पडदा आणि पुढं एक माणूस उजेडात असला की मीटर काळ्या पडद्याला करडा करायला जातं आणि माणसाचा चेहरा जळून पांढरा होतो. मागं पांढरा पडदा लख्ख उजळलेला असला की उलटं, माणूस काळा ठिक्कर, डोळे पण दिसत नाहीत. म्हणून मीटर स्पॉटवर ठेवायचं आणि चेहऱ्यावरूनच माप घ्यायचं.

पण माप घेतल्यावर पुढं काय करायचं? पुस्तकं म्हणतात, चेहऱ्यावरून माप घ्या आणि एक स्टॉप वाढवा. कुणाच्या चेहऱ्यावरून? अॅन्सेल अॅडम्स हा अमेरिकेचा मोठा फोटोग्राफर, त्यानं काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या मांडल्या. गोरा चेहरा सहाव्या पायरीवर, काळसर कातडी पाचव्या पायरीवर. पाचवी पायरी म्हंजे मीटर जे सांगतं तीच. त्यानं सरळ लिहून ठेवलं होतं. पण आपल्याकडच्या क्लासांत 'चेहरा म्हंजे एक स्टॉप वाढवा' एवढंच आलं. चेहरा म्हंजे गोरा चेहरा, हे गृहीत धरलेलं. तुम्ही आपल्या पोराच्या चेहऱ्यावरून माप घेऊन एक स्टॉप वाढवला तर कपाळावरचा घाम फुटून पांढरा डाग होतो, आणि चेहरा राखेसारखा. वाढवू नका. जे माप आलं ते ठेवा, रंग फारच सावळा असला तर अर्धा स्टॉप कमी करा. मोबाइलवाल्यांनी चेहऱ्यावर बोट ठेवायचं आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं.

ही फक्त आपल्या गल्लीतली गोष्ट नाही. कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एक गोरी बाई. तिला शर्ली कार्ड म्हणत. तिच्या कातडीचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर. कित्येक दशकं जगभरच्या काळ्या-सावळ्या माणसांचे फोटो त्या बाईच्या मापानं निघाले. कॅनडातल्या लॉर्ना रॉथ या संशोधक बाईंनी २००९ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. १९६०–७० च्या दशकांत फिल्म सुधारायला जोर आला तो काळ्या आया-बापांच्या तक्रारीनं नव्हे. चॉकलेट बनवणारे आणि लाकडी फर्निचर विकणारे ओरडायला लागले, की आमच्या मालाचे तपकिरी रंग फोटोत नीट येत नाहीत! काळ्या माणसाच्या आधी कपाटाला न्याय मिळाला. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांची कार्डं यायला १९९० नंतरचा काळ उजाडला.

आणि आज? आज शर्ली तुमच्या खिशात बसलीय. मोबाइलचा 'ब्यूटी' पर्याय उघडून बघा. गाल गुळगुळीत, रंग दोन छटा उजळ. आपल्याच पोरी-पोरांनी केलेल्या नाटकाचे फोटो आपलेच कार्यकर्ते गोरे करून टाकतात आणि वर जय भीम लिहितात. साला, ज्या रंगावरून आपल्याला ओळखून बाजूला बसवलं तोच पुसायचा, आणि तो पण आपण? तो पर्याय बंद करा. संगणकावर पण चेहरे उजळू नका. घाम राहू द्या.

प्रकाशयोजना करणाऱ्याशी आधी बोला. निळा आपला रंग आहे, झेंड्यात आहे, म्हणून आणि अत्याचाराची रात्र दाखवायची म्हणून आपल्या नाटकात निळा स्पॉट भरपूर. सावळ्या चेहऱ्यावर नुसता निळा एलईडी पडला की कॅमेऱ्यात नाक-डोळे नाहीसे होतात, निळा गोळा तेवढा राहतो. प्रेक्षकाला पण मागच्या रांगेतून फार काही दिसत नाही, फक्त तो तक्रार करत नाही. बाजूनं थोडा पिवळसर उजेड मागून घ्या. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात किंवा पिंपरीच्या अत्रे रंगमंदिरात दिव्यांची सोय असते. चौकात एक हॅलोजन बाजूला बांधला तरी भागतं.

काय टिपायचं यावर दोन गोष्टी. बर्टोल्ट ब्रेश्ट हा जर्मन नाटककार तुम्ही ऐकलाय. त्याच्याबरोबर रूथ बेर्लाऊ नावाची बाई काम करायची, तिनं त्याच्या नाटकांचे हजारो फोटो काढले. एका ठरावीक जागेवरून, अख्खा रंगमंच दिसेल असे, माणसांची जागा बदलली की लगेच पुढचा. नायकाचा चेहरा मोठा करून दाखवण्यात तिला रस नव्हता. कोण कुणापासून किती लांब उभा आहे, कोण बसलाय, कोण वाकलाय, हे दिसलं पाहिजे. त्या फोटोंची पुस्तकं ब्रेश्टनं केली, दुसऱ्या गावच्या मंडळींनी ते बघून नाटक उभं करावं म्हणून. 'अँटिगनी'चं तसं पुस्तक १९४९ ला निघालं.

हे आपल्या फार कामाचं आहे. प्रेमानंद गज्वींचं 'घोटभर पाणी' घ्या, १९७७ ची एकांकिका. दोनच पात्रं. त्यात एकाचा चेहरा लेन्समध्ये भरून काढला तर तो रागावलेला दिसेल, बस. नाटक त्या दोघांच्या मधल्या अंतरात आहे. ते अंतर फोटोत आलं पाहिजे. पाय दिसले पाहिजेत, जमीन दिसली पाहिजे. पिंपरीत एखादं नाटक झालं आणि त्याचे असे शंभर फोटो क्रमानं लावले, तर चाकणची पोरं दिग्दर्शक नसताना पण त्यावरून उभं राहू शकतील.

दुसरी गोष्ट संदेश भंडारे यांची. 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे त्यांचं पुस्तक मिळालं तर बघा. तमाशा म्हटलं की आपल्या पोरांचा मोबाइल कुठं झूम होतो ते मला सांगायला लावू नका. कमरेवर. चाकणवरून सरळ पुढं गेलं की नारायणगाव, विठाबाई भाऊ मांग यांचं गाव. प्रयोग चालू असताना ती बाई आत गेली, बाळंत झाली आणि परत बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या बाईच्या जातीतल्या, आपल्या जातीतल्या कलावंतांची आपणच कंबर टिपणार? भंडारे कनातीच्या मागं गेले, ट्रकपाशी गेले, तंबूत गेले. फडाबरोबर राहिल्याशिवाय तसे फोटो येत नाहीत. नाटकाचा फोटो तिसऱ्या घंटेला सुरू होतो हे डोक्यातून काढा. दाढी खरवडणारा, कंपनीच्या युनिफॉर्मवर धोतर नेसणारा, विंगेत ओठ हलवत वाक्यं म्हणणारा, हा पण नाटकातच आहे.

मात्र एका फोटोचा मोह टाळा. २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांड्यांचं 'सत्यशोधक' पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. चांगला प्रयोग, गाजला. अशा वेळी कुणाच्याही डोक्यात येतं, सकाळी झाडू घेतलेला एक फोटो, रात्री फुल्यांच्या पगडीतला दुसरा, आणि दोन्ही शेजारी शेजारी. बघणारा म्हणतो, अरेरे, झाडूवाला असून किती छान करतो! ही पांढरपेशी कीव आपल्या कॅमेऱ्यातून बाहेर पडू नये. तो नट आहे. नट म्हणून चांगला असेल तर चांगला टिपा, वाईट असेल तर त्याला तसं सांगा.

आता ती दुसरी अडचण. चाकणला गेटसमोर पथनाट्य होतं. करणारा पोरगा कंत्राटी, आज आहे उद्या नाही. तुम्ही जोशात त्याचा फोटो काढता, चेहरा स्वच्छ, गळ्यात आयकार्ड, शर्टावर कंपनीचा बिल्ला, मागं गेटवरचं नाव, वर वेळ आणि ठिकाण. पाच मिनिटांत टाकलात. संध्याकाळी ठेकेदाराच्या मोबाइलवर. दुसऱ्या दिवशी त्याला सांगतात, उद्यापासून येऊ नको. कारण लिहून देत नाहीत. फोटो उत्तम होता. भाकरी गेली त्याची.

म्हणून प्रयोगाच्या आधी एकेकाला विचारायचं. तुझा चेहरा चालेल का? कुठं चालेल, भिंतीवर, मासिकात, की फक्त आपल्या पेटीत? ज्याचा चालत नाही त्याला पाठमोरा घ्या, सावलीतून घ्या, नाहीतर समोर बसलेल्या लोकांचे चेहरे घ्या, पण त्यांना पण विचारून. आयकार्ड काढून खिशात ठेवायला सांगा. पोरींना तर दोनदा विचारा. वस्तीतली पोरगी नाटकात उभी राहते तेव्हा ती घरी काय सांगून आलीय ते तुम्हाला माहीत नसतं. तिनं नाही म्हटलं की नाही. मागं लागायचं नाही, आणि चोरून तर मुळीच काढायचा नाही.

कुणी म्हणेल, एवढी भीती असेल तर काढायचेच कशाला? १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या औद्योगिक भागात, झंडापूरला, जन नाट्य मंचचं 'हल्ला बोल' चालू होतं. कामगारांचंच नाटक, कामगारांपुढंच. गुंड चालून आले. राम बहादूर हा कामगार मारला गेला. सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. ४ जानेवारीला सफदरची बायको मोलॉयश्री आणि बाकीचे सगळे परत त्याच जागी आले आणि अर्धं राहिलेलं नाटक पुरं केलं. अशा ठिकाणी कॅमेरा पाहिजे. नाटक शांतपणे चाललं होतं, कोण आधी उठला, कुणाच्या हातात काय होतं, हे दाखवायला पाहिजे. तेव्हा दोन्ही ध्यानात ठेवा. तोच फोटो माणसाला वाचवतो आणि तोच माणसाला घालवतो. कुठला पेटीत ठेवायचा आणि कुठला बाहेर काढायचा हे मंडळींनी मिळून ठरवायचं. फोटो काढणाऱ्यानं एकट्यानं नाही. माझा फोटो, माझी कला, हे भाषण माझ्यापुढं करू नका.

पेटी म्हणालो ती खरीच पाहिजे. मोबाइल हरवतो, फुटतो, हप्ता थकला की विकला जातो. व्हॉट्सअॅपवरून गेलेला फोटो बारीक होऊन येतो, तो छापायला कामाचा नाही. मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. प्रत्येक प्रयोगाचे दहा फोटो तरी कागदावर छापा. मागं पेन्सिलीनं लिहा, शाईनं नाही, शाई पुढच्या बाजूला उमटते. नाटकाचं नाव, तारीख, जागा, डावीकडून उजवीकडं प्रत्येकाचं नाव. ढोलकीवाल्याचं, दिवे लावणाऱ्याचं, पडदा ओढणाऱ्याचं पण. ज्यानं नाव नको सांगितलं त्याचं लिहू नका, जागा मोकळी सोडा, त्याला कधी वाटलं तर तो येऊन भरील.

जुनं पण गोळा करा. घरी गेल्यावर आईला, आजीला विचारा. पत्र्याच्या ट्रंकेत, बुद्धाच्या तसबिरीच्या मागं, रेशनकार्डाच्या पिशवीत काही ना काही सापडतं. फाटका असला तरी आणा. पण म्हाताऱ्यांना कळवल्याशिवाय उचलू नका, आणि मोबाइलनं त्याची नक्कल घेऊन मूळ फोटो त्याच दिवशी परत द्या. लोकांनी आपल्याला दिलेले फोटो कुणाच्या तरी पीएचडीत गेले आणि परत आले नाहीत, हे याआधी पुष्कळ झालंय.

आता कामाचं सांगतो. येत्या रविवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, साडेचारला, तालीम आहे. ज्यांच्याकडं कॅमेरा आहे त्यांनी आणा, मोबाइलवाल्यांनी चार्जिंग करून या. पहिल्या दिवशी कुणी पण फोटो काढायचा नाही. नाटक दोनदा बघायचं, वाक्यं कुठं संपतात ते वहीत टिपायचं. दुसऱ्या दिवसापासून काढा. आणि येताना एकानं पेन्सिली घेऊन या.